बालविभागात सही कोणाची?



संयोजकांनी पत्रिकेवर आजचा विषय छापला आहे, 'ग्रंथालयातील बालविभाग : उद्याचे वाचक घडवताना'. विषय त्यांनी दिला, मी हो म्हटलं, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण तत्त्वज्ञान शिकवण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला शब्दांशी भांडायची खोड असते. 'उद्याचे' हा एक शब्द आणि 'घडवताना' हा दुसरा. या दोन शब्दांशी आज माझं भांडण आहे. आपल्याकडचे बालविभाग ओस पडलेत, ते पैशाच्या टंचाईमुळे, असं म्हणायची पद्धत आहे. टंचाई आहेच, ती मी नाकारत नाही. पण कपाटाला कुलूप टंचाईमुळे लागत नाही हो. ते एका समजुतीमुळे लागतं.

एका कागदापासून सुरुवात करतो. निवृत्तीनंतर काही वर्षं मी एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नव्हता, माझा होता. तिथल्या बालविभागाचा सभासद-अर्ज मी तयार केला. प्राध्यापक आहेत, मसुदा तेच करतील, असं ठरलं आणि मला ते आवडलंही. आता तो अर्ज ऐका. पहिली ओळ, पालकाचे संपूर्ण नाव. दुसरी, पालकाचा व्यवसाय. तिसरी, पत्ता. चौथी, दूरध्वनी. पाचव्या ओळीवर, पाल्याचे नाव व इयत्ता. खाली मजकूर, की पुस्तक हरवल्यास किंवा फाटल्यास त्याची किंमत भरण्यास मी जबाबदार राहीन. आणि त्याखाली सही, पालकाची.

सभासद कोण झालं मग? कागदावरून तरी मूल नव्हे. सभासद झाले वडील, आणि मूल हे त्यांच्याकडून पुस्तक नेणारा निरोप्या. एरवी वर्गात 'व्यक्ती म्हणजे काय' यावर तास तास बोलणारा मी, पण अर्ज लिहिताना दहा वर्षांची व्यक्ती मला पाचव्या ओळीवर सापडली.

नियमही माझेच. एका वेळी एक पुस्तक. मुदत पंधरा दिवस. कपाट काचेचं, कुलूपबंद. मुलांनी काचेतून बघायचं, बोट दाखवायचं, ग्रंथपालबाई किल्ली घेऊन येणार आणि पुस्तक काढून देणार. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तर पुस्तकाचा कणा बघून पुस्तक निवडता येतं का, ते सांगा. मोठ्यांना थोडंफार येतं, कारण लेखकाचं नाव ओळखीचं असतं. मुलाला लेखकाचं नाव ठाऊक नसतं. त्याला पान उलटावं लागतं, चित्र बघावं लागतं, मधलीच चार वाक्यं वाचावी लागतात, मग ते पुस्तक परत ठेवून दुसरं ओढावं लागतं. 'परत ठेवणं' हा निवडीचा अर्धा भाग आहे. आमच्या नियमात त्याची सोयच नव्हती. एकदा बाईंना कुलूप काढायला लावलं की संकोचानं तेच पुस्तक घेऊन जायचं.

रविवारी सकाळी तासभर मी स्वतः तिथे बसत असे. चौथी-पाचवीतला एक मुलगा येई. सापांची माहिती देणारं एक सचित्र पुस्तक होतं, पातळसं. ते त्यानं नेलं, आणलं, पुन्हा नेलं, पुन्हा आणलं. तिसऱ्या की चौथ्या वेळी मी म्हटलं, ''अरे, पुन्हा तेच? सापात काय एवढं ठेवलंय? हे ने.'' आणि 'श्यामची आई' त्याच्या हातात दिलं. पुस्तक थोर आहे, त्याबद्दल वादच नाही. १९३५ सालापासून आपल्या कित्येक पिढ्या त्यावर रडल्या आहेत, मीही. मुलानं ते नेलं. पुढच्या रविवारी गुपचूप आणून टेबलावर ठेवलं. काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. बऱ्याच महिन्यांनी वार्षिक तपासणीसाठी देवघेवीचं रजिस्टर चाळताना माझ्या लक्षात आलं, त्या रविवारनंतर त्याच्या नावापुढे एकही नोंद नव्हती.

मी त्याला वाचनाची गोडी लावतोय अशी त्या सकाळी माझी प्रामाणिक समजूत होती. म्हणून सांगतोय. बालविभागात नुकसान करणारे लोक दुष्ट नसतात, सदिच्छेनं भरलेले असतात.

आणि गंमत बघा. मोठ्या माणसानं एकच ग्रंथ दर वर्षी, दर श्रावणात पुन्हा वाचला तर त्याला आपण पारायण म्हणतो आणि हात जोडतो. मुलानं तेच केलं तर म्हणतो, 'पुन्हा तेच?' दानिएल पेनाक नावाचा एक फ्रेंच शिक्षक-लेखक आहे. त्यानं १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांची यादी केली. त्यात पुन्हा वाचण्याचा हक्क आहे, पुस्तक अर्धवट टाकण्याचा आहे, आणि सगळ्यात वर आहे तो न वाचण्याचा हक्क. आपल्या बालविभागात यातला एकही हक्क मुलाला नाही. उलट काही ठिकाणी पुस्तक परत करताना सारांश लिहून आणायला लावतात. 'वाचन उपक्रम' म्हणून त्याचे फोटोही निघतात. तुम्ही कादंबरी परत करायला गेलात आणि ग्रंथपालांनी तिचा दहा ओळींत सारांश मागितला, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही सभासदत्व रद्द कराल.

आता या समजुतीचं मूळ. मुलांच्या गोष्टींवर पहारा असावा हे म्हणणं फार जुनं आहे. प्लेटोनं 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात ते सरळ सांगितलंय. गोष्टी रचणाऱ्यांवर देखरेख ठेवा, चांगल्या गोष्टी निवडा, आया आणि दायांना त्याच सांगायला लावा, होमरसुद्धा वगळायचा. रूसोनं १७६२ मध्ये 'एमिल' लिहिला, त्यात तर त्यानं पुस्तकांनाच बालपणाची पीडा ठरवलं, आणि एमिलला पहिलं पुस्तक दिलं ते एकच, 'रॉबिन्सन क्रूसो'. ही दोघंही माझी आवडती माणसं आहेत आणि या मुद्द्यावर दोघंही चुकलेत असं माझं मत आहे. पण ते प्रामाणिक होते. आम्ही पहारा ठेवतो आहोत, असं ते उघड म्हणाले. आपण पहारा ठेवतो आणि त्याला वाचनसंस्कार म्हणतो.

दोघांच्याही डोळ्यांपुढे आज बसलेलं मूल नव्हतं, पुढे होणारा माणूस होता. प्लेटोला नगराचे रक्षक हवे होते. आपल्याला 'उद्याचे वाचक' हवे असतात, उद्याचे नागरिक, उद्याचे अधिकारी. कांटनं बजावलं होतं की माणसाला नुसतं साधन म्हणून वागवू नका. मुलाला त्याच्याच भविष्याचं साधन म्हणून वागवणं हाही त्यातलाच प्रकार, असं मला वाटतं. सापांचं पुस्तक चौथ्यांदा नेणारा मुलगा उद्याचा वाचक नव्हता. तो त्या रविवारी, त्या टेबलापाशी, आमच्या गावातला सगळ्यात गंभीर वाचक होता.

ग्रंथालयशास्त्र शिकलेल्यांना रंगनाथनांची पंचसूत्री तोंडपाठ असते. १९३१ चं पुस्तक आहे ते. स्वतः रंगनाथन आधी गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे मांडणी अगदी काटेकोर. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. यात 'त्याचं' या शब्दावर जोर आहे. त्याच्यासाठी आम्ही ठरवलेलं, असं रंगनाथन म्हणत नाहीत. ही सूत्रं कित्येक ग्रंथालयांच्या भिंतीवर चौकटीत लावलेली असतात, आणि त्याच भिंतीला लागून कुलूपबंद कपाट असतं.

कुलपाचं कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: पुस्तकं जातात. जातात, खरं आहे. पण केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम आहेत, त्यात सरकारी ग्रंथालयांसाठी एक तरतूद आहे. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वापरलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ झाली, आणि त्यात लबाडी किंवा निष्काळजीपणा नसला, तर ते नुकसान वाजवी धरावं. दुर्मिळ किंवा हजार रुपयांहून महाग पुस्तक असेल तर चौकशी करावी. सरकारी हिशेबनीससुद्धा मान्य करतो, की पुस्तक वापरलं तर थोडं हरवणार. मी हे आमच्या सभेत वाचून दाखवलं, तर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ''सर, आपण केंद्र सरकार नाही.'' त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे १९६७ च्या कायद्यानं ग्रंथालय-कर बसवलेला नाही. बहुतेक ग्रंथालयं संस्थांनी चालवलेली, सरकारी अनुदान आणि सभासदांची वर्गणी यांवर उभी. अनामत, वर्गणी, दंड या गोष्टी त्यातून येतात, आणि तुटपुंज्या पैशावर राबणाऱ्या ग्रंथपालावर हरवलेल्या पुस्तकाचा हिशेब येतो. ती बाई कुलूप लावते, यात तिचा दोष मी कसा काढू? हरवलेल्या पुस्तकाला जबाबदार कोण, हे मंडळानं स्वतःवर घेतल्याशिवाय कुलूप निघणार नाही.

हे जगात कुणी करून पाहिलंय का? पाहिलंय. अ‍ॅन कॅरोल मूर या बाई १९०६ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात मुलांच्या कामाच्या प्रमुख झाल्या. १९११ मध्ये तिथली मोठी इमारत उघडली तेव्हा तिच्यात मुलांची स्वतंत्र खोली होती, मुलांच्या उंचीची टेबलं, उघडी फडताळं. तिथे एक वही असे. सभासद व्हायचं तर मुलानं त्या वहीत स्वतःच्या हातानं नाव लिहायचं. मी पुस्तकं इथे आणि घरी नीट सांभाळीन, नियम पाळीन, असा तो शब्द होता. देणारं मूल, आणि शब्द दिला जायचा ग्रंथालयाला. माझ्या अर्जात पाचव्या ओळीवर असलेलं नाव तिथे वहीत मुलानं स्वतः लिहिलेलं असे. स्थलांतरितांची, कामगारांची मुलं होती ती, आपण समजतो तशी सुखवस्तू घरची नव्हेत. सही करणाऱ्याला आपण जबाबदार मानतो, आणि जबाबदार मानल्यावर माणूस बऱ्याचदा तसा वागू लागतो. मोठ्यांच्या बाबतीत हे आपण गृहीत धरतो. मुलांच्या बाबतीत आधी जबाबदारी सिद्ध करा म्हणतो, आणि सिद्ध करायची संधी कुलपात ठेवतो.

पण याच बाईंची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अर्धंच बोललो असं होईल. मुलांना दार उघडून देणाऱ्या मूरबाईंची आवडनिवड फार कडक होती. १९४१ साली त्या निवृत्त झाल्या, तरी त्यांचा शब्द तिथे चालत राहिला. मार्गारेट वाइज ब्राउन यांचं 'गुडनाइट मून' १९४७ मध्ये निघालं. झोपायच्या आधी खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेणारं छोटं पुस्तक. मूरबाईंना ते पसंत पडलं नाही, आणि न्यूयॉर्कच्या त्या ग्रंथालयात १९७२ पर्यंत ते घेतलंच गेलं नाही. २०२० साली ग्रंथालयानं आपल्या इतिहासात सर्वाधिक नेल्या गेलेल्या पुस्तकांची यादी काढली, तेव्हा या पुस्तकाचा वेगळा उल्लेख त्यांना करावा लागला. पंचवीस वर्षं ते दाराबाहेर उभं नसतं, तर यादीत असतं. मुलांचं भलं मूरबाईंपेक्षा जास्त कुणी चिंतलं नसेल. तरी जिथे त्यांनी मुलाच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता स्वतःच्या अभिरुचीवर ठेवला, तिथे त्या चुकल्या. माझं सापांचं पुस्तक आणि त्यांचं हे पुस्तक, चूक एकाच जातीची. त्यांची पंचवीस वर्षं चालली आणि माझी एका रविवारी झाली, एवढाच फरक.

आपल्या जवळचं उदाहरण बडोद्याचं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि त्यांच्या लगेच लक्षात आलं की नुसतं अक्षर शिकवून भागत नाही, वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेलं विसरतं. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, गावोगाव फिरत्या पेट्या जाऊ लागल्या, आणि मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा विभाग झाला. तिथे पुस्तकांबरोबर खेळही होते. शंभर वर्षांपूर्वी, एका संस्थानात! आमच्या मंडळात मी बालविभागासाठी बुद्धिबळाचे दोन पट मागितले, तर 'ग्रंथालय आहे की क्लब?' असं ऐकावं लागलं.

बडोद्याचं नाव आलं की बाबासाहेब आंबेडकर आठवतात. त्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कला गेले आणि कोलंबियात जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी झाले. या ड्यूईंनी १८९९ च्या आपल्या व्याख्यानांत एक अनुभव सांगितलाय. ते शाळेसाठी बाकं शोधत दुकानांतून हिंडत होते. शेवटी एका दुकानदारानं ओळखलं, की तुम्हाला मुलांना काम करता येईल अशी टेबलं हवीत, आमच्याकडची सगळी बाकं ऐकण्यासाठी आहेत. त्याच व्याख्यानांत त्यांनी शाळेचा नकाशा काढलाय आणि त्याच्या बरोब्बर मध्यभागी ग्रंथालय ठेवलंय. आमच्या बालविभागातली बाकं एका शाळेनं मोडीत काढलेली होती. मुलं आली की ती आपोआप रांगेत, हाताची घडी घालून बसत. कुणी सांगावं लागत नसे.

आता पुस्तकांकडे येतो, कारण माझी खरी टीका इथे आहे. आपण म्हणतो, मुलानं काहीबाही वाचू नये म्हणून निवड आमच्या हाती हवी. ठीक. पण निवड करायची जागा कोणती? खरेदीची. बालविभागातलं प्रत्येक पुस्तक कुणीतरी मोठ्यानंच विकत घेतलेलं असतं. तिथे आपण किती काळजी घेतो? मार्च उजाडतो, अनुदान खर्ची टाकायचं असतं, विक्रेता संचांची यादी घेऊन येतो, जास्त सवलत असलेला संच पसंत होतो. मुखपृष्ठावर थोर पुरुष, आत तीच ती वाक्यं, शुद्धलेखनाचा पत्ता नाही, चित्रकाराचं नाव नाही. त्यात भर देणग्यांची. घर बदलताना रद्दीला जीव होत नाही म्हणून लोक जुनी पुस्तकं आणून देतात, आणि कुठे ठेवायची कळलं नाही की ती बालविभागात जातात. आमच्याकडे मुलांच्या कपाटात आयकराचं एक जुनं मार्गदर्शक निघालं होतं. कुलपाआड, सुरक्षित! आणि मराठीत चांगलं नाही म्हणून असं होतं, असंही नाही. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आहेत, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त आणि सुबक पुस्तकं आहेत. ती सवलतीच्या संचात येत नाहीत, एकेक बघून घ्यावी लागतात.

म्हणजे जिथे डोळ्यांत तेल घालून बघायचं तिथे आपण झोपतो, आणि जिथे मुलाला मोकळं सोडायचं तिथे पहारा देतो. एकदा नीट निवडून पुस्तकं आणली, तर फडताळापाशी पुन्हा निवड करायचं कारण काय? मग तिथे मुलगा सापाचं पुस्तक चार वेळा नेईल नाहीतर दहा वेळा.

कुणी विचारेल, मग मार्गदर्शन करायचंच नाही का? करावं की. पण वाटाड्या आणि पहारेकरी यांत फरक आहे. वाटाड्याला विचारलं की तो वाट सांगतो. मला त्या मुलाला एवढंच विचारता आलं असतं, ''यातला कुठला साप तुला आवडला?'' त्यानं सांगितलं असतं. कदाचित मग मी त्याला आणखी एखादं पुस्तक काढून दिलं असतं. इतकं सोपं होतं.

आणि बालविभाग सुटल्यावर काय? हा प्रश्न कुणी विचारतच नाही. मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की चिमणीच्या गोष्टीच्या कपाटापाशी उभं राहायची त्याला लाज वाटते. मोठ्यांच्या विभागात सभासद व्हायला अठरा वर्षं पूर्ण लागतात. मधली पाच-सहा वर्षं ग्रंथालयाच्या लेखी हा माणूस नाहीच. बालभारतीनं १९७१ साली मासिक काढलं तेव्हा त्याचं नाव 'किशोर' ठेवलं. किशोर नावाचं एक वय असतं हे मासिकाला कळलं, ग्रंथालयाच्या नियमावलीला अजून कळायचंय. याच वयात माणसाला शरीराविषयी, मृत्यूविषयी, देवाविषयी, जातीविषयी असे प्रश्न पडतात, जे घरी विचारता येत नाहीत. आणि ज्या पुस्तकाची नोंद वडिलांच्या नावावर होणार, ते पुस्तक तो मागेल कसा? पुन्हा सहीचाच प्रश्न येतो बघा.

मग अठरा झाली की तो परत येतो, अभ्यासिकेत. अभ्यासिकांना मी नावं ठेवणार नाही. घरी दोन खोल्या, त्यात सहा माणसं, अशा मुलाला खुर्ची, दिवा आणि शांतता मिळते ही मोठी गोष्ट आहे, आणि अभ्यासिकेच्या शुल्कावर काही ग्रंथालयांचं वीजबिल निघतं हेही मला ठाऊक आहे. पण एकदा मी तिथल्या एका मुलाला विचारलं, ''काय वाचतोस?'' तो सहज म्हणाला, ''सर, वाचायला नाही येत मी, अभ्यासाला येतो.'' भरतीच्या परीक्षेची झेरॉक्स टिपणं त्याच्यापुढे होती. दोन वर्षं तो त्या इमारतीत रोज आठ-दहा तास बसत होता आणि पलीकडच्या दालनातलं एकही पुस्तक त्यानं हातात घेतलं नव्हतं. मला त्याचा राग आला नाही. पाचव्या ओळीवरचं नाव, नंतर सहा वर्षं कुठेच नाही, मग थेट खुर्ची क्रमांक. त्याला आपण ग्रंथालय दाखवलं तरी कधी?

मंडळ सोडण्याआधी दोन गोष्टी मी करून घेतल्या, त्याही बऱ्याच भांडाभांडीनंतर. अर्ज बदलला. पहिल्या ओळीवर मुलाचं नाव, खाली मुलाची सही. पालकाचं नाव आणि फोन आहे, पण शेवटी. पहिल्यांदा सही करताना मुलं फार वेळ लावतात, एकीनं तर आधी कागदावर सराव केला. दुसरी गोष्ट, दोन कपाटांची कुलपं काढली. तिसऱ्याचं निघालं नाही, त्यावर तडजोड झाली. पुस्तकं वाटेल तिथे ठेवली जातात, संध्याकाळी बाईंना अर्धा तास जास्त लागतो, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे मंडळ अजून देत नाही. ही त्यांची तक्रार रास्त आहे आणि इथे मंडळांवरचे जे कुणी ऐकत असतील त्यांनी ती ऐकावी.

पुस्तकं गेली का, हे तुम्ही विचारणारच. काही गेली. सापांचं पुस्तकही गेलं, कुणी नेलं त्याची नोंद नाही. त्याची दुसरी प्रत मागवली आहे. परवा फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या, अजून आलेली नाही, यादीत वर ठेवली आहे.

प्रश्न असतील तर घेऊ या.